देवाचं कोमट पाणी

गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत नरहरभटांचं लहानसं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. थंडी पडली की ते देवाला शाल पांघरतात आणि कोमट पाण्यानं न्हाऊ घालतात. पाणी कोमट आहे की नाही हे इतकी वर्षं त्यांची बोटंच सांगत. पण मधुमेहानं बोटं बधिर झाली आणि या मार्गशीर्षात त्यांनी देवावर चक्क आधणाचं पाणी ओतलं. मूर्तीवरून वाफा निघालेल्या पाहून भटजी तिथंच रडले. संक्रांतीपासून सेवा पुतण्याकडे, विश्वजीतकडे सोपवायची, असं त्यांनी ठरवलं आणि त्याला फोनवर कळवूनही टाकलं. पुतण्या वाईट नाही हो, पण त्याची पूजा म्हणजे गाडी सुटायची घाई!

लखनौच्या बँकेत नोकरी करणाऱ्या लेकीला, कस्तुरीला, हे कळलं. तिनं कुरिअरनं एक खोका धाडला. त्यात तळहाताएवढा बोर्ड होता, प्रोग्राम आधीच भरलेला. शिवाय इवलासा पडदा आणि लांब वायरच्या टोकाला स्टीलचं नाक असलेला सेन्सर.

"बाबा, हे नाक पाण्यात बुडवायचं. पडद्यावर तापमान दिसेल," ती फोनवर म्हणाली. "जोडायला कुणी मिळेल ना?"

"कुणी कशाला? मोहल्ल्यातले रेडिओ कोण दुरुस्त करायचं?"

भटजींनी चष्मा चढवला आणि चिमट्यानं वायरी धरल्या. लाल वायर पाच व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी दोन नंबरच्या पिनला. पिवळी आणि लाल यांच्यामध्ये एक छोटा रेझिस्टर. मोबाइलचा चार्जर लावताच पडदा उजळला. त्यांनी नाक थेट बायकोच्या चहात बुडवलं. आकडा चढत चढत साठावर गेला.

"अगं प्रेमला, बिलकुल बरोबर दाखवतंय!"

"माझा चहा गेला त्याचं काय?" प्रेमलाबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

आता देवाच्या सेवेत नवं यंत्र दाखल करायचं ते बिनपूजेचं कसं? खंडेनवमीला पोथ्यांबरोबर पाना-पक्कड पुजणारा माणूस तो. त्यांनी बोर्ड पाटावर ठेवला, गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. गंध किती लागलं, हे मात्र बोटांना कळलंच नाही.

पडद्यावर आकडा आला: उणे एकशे सत्तावीस.

"देवाला बर्फात पुरताय का?" प्रेमलाबाईंनी विचारलं. पण भटजींचा चेहरा पडला होता. देवालाच आपली सेवा नको असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी हताश होऊन कस्तुरीला फोन लावला.

"बाबा, पहले ये बताओ, त्याला काही लावलंत?"

"काही नाही. जरासं गंध."

पलीकडे कस्तुरी इतकी हसली की तिला बोलता येईना. "अहो, ओल्या गंधानं पिना एकमेकींना चिकटल्या! चार्जर काढा, पुसा आणि वाळवा."

प्रेमलाबाईंनी जुन्या टूथब्रशनं गंध खरवडलं. बोर्ड दुपारभर गच्चीवर उन्हात पापडांशेजारी वाळला. संध्याकाळी आकडा पुन्हा शहाण्यासारखा वागू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंगाळात पाणी काढलं, नाक बुडवलं आणि भटजी थबकले. कोमट म्हणजे किती? जन्मभर हातानं ओळखलेली गोष्ट त्यांना आकड्यात ठाऊकच नव्हती. त्यांनी बायकोला हाक मारली.

"कस्तुरी तान्ही असताना तू पाणी बघायचीस, तसं बघ."

प्रेमलाबाईंनी पदर खोचला, कोपर बुडवलं. "चटका लागतोय. थंड ओता. अजून थोडं. हं, आता बाळाला चालेल."

पडद्यावर अडतीस होते.

भटजींनी पहिला तांब्या देवाच्या खांद्यावर ओतला. वाफ नाही, काही नाही. पाणी त्यांच्याही बोटांवरून वाहिलं. त्यांना ते जाणवलं नाही आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. इतका आनंद त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता. त्यांनी खड्या आवाजात पुरुषसूक्त सुरू केलं.

"हळू म्हणा! विश्वजीतच्या घरापर्यंत ऐकू जाईल."

"जाऊ दे की," भटजी म्हणाले. "त्याला वेगळा फोन करायला नको." आणि त्यांनी दुसरा तांब्या भरला.