सुमनआत्याने वितळवलेले पैंजण

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आत्याने माझे पैंजण वितळवले.

स्वतःच्या हाताने बनवलेले. तीन महिने खपून.

आज तिला जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहितेय.

सुमनआत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. मराठवाड्यातून तुर्भ्याला आली ती एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला. कंपनी बंद पडली तेव्हा तिने चाळिशी पार केलेली.

तळवलीत एक म्हातारे सोनार होते, चांदीचं सगळं हाताने करणारे. ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. मला शिकवा म्हणाली.

ते म्हणाले, "बाय, यो काम बायकांचा नाय."

"मग दागिने कोन घालतंय, काका?"

म्हाताऱ्याने तिला आत घेतलं.

पुढची वीसेक वर्षं आमच्या तुर्भ्याच्या घराची गॅलरी म्हणजे तिचं वर्कशॉप. ऐरण, चिमटे, गॅसची बारीक ज्योत, रिठ्याच्या पाण्याचं पातेलं. आजूबाजूच्या बायकांची जोडवी, बाळांचे वाळे, कुणाच्या सुनेचा छल्ला. मशीनचा माल स्वस्त मिळतो हे त्यांनाही माहीत होतं. तरी यायच्या.

माझं लग्न ठरलं आणि दोन महिन्यांत आत्याला पॅरालिसिसचा अटॅक आला. पाय सावरला. उजवा हात पूर्ण नाही सावरला.

फिजिओवाल्याने दाबायला रबरी बॉल दिला होता. तिने तो शेजारच्या मुलाला देऊन टाकला आणि हातात चिमटा घेतला.

"पोरीचे पैंजण मीच करनार."

तर लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ती पैंजण घेऊन आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, माझ्या दोन्ही हातांवर ओली मेंदी. तिनेच खाली बसून ते माझ्या पायात घातले.

"चाल बरं."

मी चालले.

"थांब. परत चाल."

मग तिने ते काढले, भिंग लावलं आणि एकेक कडी बघत बसली. बराच वेळ.

"सात सांधे जळालेत," ती म्हणाली. "हात टायमावर मागं येईना झालाय. जाळ जास्त लागला. हे टिकायचे नाहीत."

"आत्या, कुणाला दिसणारे?"

"दिसनार नाही. तुटंल."

मम्मी म्हणाली, "ताई, उद्या लग्न आहे. एक दिवस घालू दे, मग बघू."

आत्या पैंजण उचलून गॅलरीत गेली. मी दारात पोचेपर्यंत मुशीत चांदीचं पाणी झालं होतं.

मी चिडले. पाहुण्यांसमोर नको ते बोलले. "हात चालत नाही तर कशाला हट्ट करायचा?" असं म्हणाले.

हो, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानातले पैंजण घालून लग्न केलं आणि खारघरला सासरी गेले. तीन आठवडे आत्याला फोन केला नाही.

मग एकदा पप्पांचा फोन. "तुझी आत्या गॅलरीत बसतच नाही गं. सामान सगळं गोणीत बांधलंय. भंगारवाल्याला विचारून आली."

पैंजण मोडले तेव्हा मला माझंच दुःख दिसलं होतं. तिचं काय मोडलं, ते तेव्हा कळलं.

त्या रविवारी मी तुर्भ्याला गेले. आत्या भाजी निवडत होती, डाव्या हाताने.

"मला शिकव," म्हटलं.

"कामून? नोकरी सुटली का?"

"माझे पैंजण राहिलेत."

"माझा हात..."

"माझा घे."

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा कम्प्युटरचा हात हाय माय. भाजंल."

भाजला. पहिल्याच रविवारी दोन ठिकाणी.

ती माझ्या उजव्या बाजूला स्टूलवर बसायची आणि तिचा डावा हात माझ्या मनगटावर. कड्या जोडणारी झाळ वितळून सांध्यात पळते, तो क्षण डोळ्याची पापणी लवेपर्यंत असतो. त्याच वेळी ज्योत मागे घ्यायची. ती मनगट दाबायची. मी उशीर करायचे.

"जळाला. वितळव."

आणि हसायची. अटॅकनंतर तोंड जरा वाकडं झालं होतं, त्यामुळे एका बाजूनेच हसायची. फार गोड दिसायची तशी.

किती सांधे वितळवले, मोजले नाहीत. पाच महिने गेले. माझा नवरा दर रविवारी मला सोडायला यायचा आणि मम्मीच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊन तिथेच झोपायचा.

शेवटी पैंजण झाले. तिने मला दारापासून गॅलरीपर्यंत चालवलं. डोळे मिटून ऐकलं.

"बरं हाय."

याहून मोठं कौतुक तिने आयुष्यात कुणाचं केलं नव्हतं.

त्यानंतर आत्याने गोणीतलं उरलेलं सामानही बाहेर काढलं. आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघी शिकायला येऊ लागल्या. त्यांच्या हातांनी आत्याने पुढे अडीच वर्षं काम केलं. मग एका सकाळी दुसरा अटॅक आला आणि दवाखान्यात पोचायच्या आतच ती गेली.

एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

लग्नात मी सगळ्या नातेवाइकांना नाव घेऊन स्टेजवर बोलावलं. आत्याला मुद्दाम नाही बोलावलं. ती शेवटच्या रांगेत बसली, जेवली, स्वतःचं ताट स्वतः उचललं आणि गेली. अल्बममध्ये ती कुठेच नाही.

एकदा तार ओढताना मी तो विषय काढला होता. "आत्या, लग्नात मी तुला..."

"तार बघ," ती म्हणाली. "तुटंल."

मी तार ओढत राहिले. तेव्हा बोलून टाकायला हवं होतं.

आत्या, चुकलं माझं.

तुला मनापासून आदरांजली. जय भीम.