नारळाचा भाव

"अंडरग्राउंड म्युझिक" असं लेक म्हणाली तेव्हा मी पहिलं विचारलं, "का? पोलीस मागे लागलेत का त्यांच्या?" आमच्या पनवेलमध्ये माणूस अंडरग्राउंड होतो तो जामीन मिळेपर्यंत.

लेक हसली नाही. जॉर्जियाच्या त्या सहलीत ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि कारण मला ठाऊक होतं. तिचं लग्न ठरलं होतं. हळदीला आत्याने धवले गावेत, एवढं एकच तिने मागितलं होतं. माझी मोठी बहीण, आमची बाय, धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंतचे विधी तिच्या गाण्यांवर चालतात. मी सांगून टाकलं होतं, डीजे ठरलाय, विषय संपला.

खरा विषय बहिणीशी होता. तिच्या मुलाच्या हळदीला मी माझी दोन मोठी गिऱ्हाइकं घेऊन गेलो होतो. मी विटा-खडी पुरवतो. एका जुन्या टेम्पोवर धंदा सुरू केला, आज खारघरचे टॉवर बांधणारे मला पाहून खुर्ची पुढे करतात. त्यांच्यासमोर, भर मांडवात, बायने गाता गाता माझ्यावर ओळ जोडली:

माजा भाव गो माजा भाव,
देवाला इचारी नारलाचा भाव.

आमच्या बोलीत भाव म्हणजे भाऊ, आणि दर म्हणजेही भावच. मांडव हसला. माझी गिऱ्हाइकं तर मांडीवर थापा मारून हसली. मी ताटावरून उठलो आणि तिच्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही.

तर तिबिलिसीत, जॉर्जियाच्या राजधानीत, लेक मला एका बंद पडलेल्या बेकरीखालच्या तळघरात घेऊन गेली. नाकात रिंगा घातलेली पोरं, जमिनीवर वायरींचा गुंता, ढोलाचा आवाज काढणारं एक यंत्र. आणि या सगळ्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्याला रुमाल बांधलेली, मोज्यांवर सपाता घातलेली एक म्हातारी. दारातल्या मुलीने इंग्रजीत सांगितलं, ही माझी आजी, डोंगरातल्या गावची. पूर्वी लग्नांत गायची. आता तिला लग्नांना कोणी बोलावत नाही, म्हणून आम्ही इथे आणतो.

म्हातारीने ओळ सोडली. पोरांनी खालच्या आवाजात ती उचलली आणि खालून ढोल घुमू लागला. शब्द एक कळत नव्हता. पण ओळीचा शेवट ती तसाच लांबवून धरत होती, मागच्यांनी झेलेपर्यंत. बाय अगदी तशीच धरते.

मला एखादी गोष्ट आवडली की माझ्या तोंडून एकच प्रश्न निघतो. गाणं थांबल्यावर मी त्या मुलीला म्हणालो, "आजीला विचार, आमच्याकडे लग्नात गायला येतील का? विमानाचं तिकीट माझं. घेतील किती?"

लेकीने तोंड फिरवलं. मुलीने बिचारीने जसंच्या तसं भाषांतर केलं. म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"आजी म्हणते, तुमच्या घरात गाणारं कोणीच उरलं नाही का?"

'नाही' माझ्या ओठावर आलं होतं. लेक आधी बोलली. "आहे. माझी सख्खी आत्या. बाबा तिला बोलवत नाहीत."

मुलीने हेही सांगितलं. पोरं वायरी गुंडाळायची थांबली. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. म्हातारीने शेजारचं स्टूल ओढलं आणि घरातलं माणूस गेलेल्याला बसवतात तसं मला हाताला धरून बसवलं.

धवलारणीला फोनवर बोलावणं देत नाहीत. नारळ घेऊन घरी जावं लागतं. परत आल्यावर मी पनवेलच्या बाजारात नारळवाल्यासमोर उभा राहिलो आणि सवयीने म्हणून गेलो, "कसा दिला? छे, जास्त सांगतोस." म्हणालो आणि ती ओळ कानात वाजली. आजूबाजूला कोणी ऐकलं नाही ना, ते पाहिलं. नारळवाल्याने मागितले तेवढे पैसे मी दिले, न बघता नारळ पिशवीत टाकला आणि निघालो.

बाय कामोठ्याच्या जुन्या गावात राहते. ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

"आरं, वाट चुकलास काय?"

मी नारळ पुढे केला. त्या ओळीबद्दल ती माफी मागेल, निदान विषय काढेल, अशी आशा घेऊन मी आलो होतो. तिने नारळ कानाशी नेऊन हलवला.

"केवढ्याला दिला?"

"भाव नाय केला." इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून आमच्या बोलीतलं 'नाय' निघालं, आणि तेही खोटं बोलताना.

तिने पुन्हा हलवला. "दिसतंय. पानी नाय यात. आरं, भाव नको करू, पन हलवून तरी बघशील का नाय?" मग आत हाक मारून सुनेला चहा ठेवायला सांगितला. "लेकीला सांग, येन मी हलदीला. पन ती ओल गानार."

"बाय, तिथं माझी गिऱ्हाइकं असतात."

"म्हनूनच."

"बरं. एकदाच."

"तीनदा."

'दोनदा' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ओट्यावर तो कोरडा नारळ पडला होता. माझे कान तापले.

"गा," मी म्हणालो आणि मान खाली घालून सुकट निवडू लागलो.