डोकं एकाचं, पट्टी दुसऱ्याला

निव्वळ दयेच्या जोरावर माणसाला जेरीस आणण्याची विद्या अख्ख्या मुंबईत एकाच बाईला साधली होती, आणि माझं दुर्दैव असं की भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत ती बाई माझ्याच शेजारच्या खोलीत राहत होती. आम्ही सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणायचो. मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती, परळच्या एका इस्पितळात नर्स, अंगावर पांढरं स्वच्छ पातळ, पायात कॅनव्हासचे बूट. संसार नव्हता, म्हणून जगाचा संसार करायच्या. आमच्या दोन खोल्यांच्या मधे भिंत म्हणून जे काही होतं, ते लाकडी फळ्यांचं होतं, आणि बाई पहाटे मोठ्याने प्रार्थना करत. झोपमोड व्हायची त्याचं काही नाही. पण त्या प्रार्थनेत मी असायचो. "प्रभो, कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हातारीचा ताप उतरव, आणि शेजारच्या भाऊंचा राग शांत कर. काल आमटी अळणी झाली म्हणून ते वहिनींना फार बोलले." देवाला ही बातमी कळायची तेव्हाच ती सबंध मजल्यालाही कळायची. एवढं ऐकल्यावर मला जो राग यायचा, तो दुसऱ्या चहाशिवाय उतरत नसे.

शेजारी या शब्दाचा त्यांनी जेवढा दुरुपयोग केला, तेवढा दुसऱ्या कोणी केला नसेल. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही येशूची शिकवण, हे मला त्यांनीच सांगितलं होतं, आणि शेजारी म्हणून मी त्याचं स्वागतही केलं होतं. पण त्यांच्या हिशेबी पडवळ विकणारा भय्या शेजारी, इस्पितळाच्या फाटकाशी गाठोडं घेऊन बसलेली कोकणातली म्हातारी शेजारी, दारूबंदीच्या ऐन भरात झिंगून जिन्यावर आडवा झालेला गिरणीतला खातेवालाही शेजारीच. हे सगळे शेजारी त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत मावत नसत, आणि उरलेले अर्थातच माझ्याकडे यायचे. मी जेवायला बसावं तर माझ्या पाटावर कोणीतरी अनोळखी म्हातारा मुटकुळं करून भात कालवत असे, आणि आमची ही त्याला ताक वाढत असे. मी बाईंच्या दारात जाऊन तोंड सोडलं की त्या शांतपणे सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "भाऊ, मी तुम्हाला क्षमा केली." म्हणजे पाट माझा, भात माझा, ताक माझं, आणि क्षमाही मलाच!

एकदा आमच्या दारातला तांब्याचा हंडा चोरीला गेला. चोर जिन्यात बाईंच्या समोरच आला. आता समोर चोर दिसल्यावर माणूस ओरडतो. बाईंनी त्याला थांबवून विचारपूस केली, त्याची बायको बाळंत झाली आहे आणि घरात काही नाही हे ऐकून घेतलं, आणि वर येऊन हंड्याचं झाकण नेऊन त्याला दिलं. झाकणही माझंच होतं. "अहो भाऊ, झाकणाशिवाय हंड्याला कोण किंमत देणार? गरीब माणूस फसला असता," हे मला वर ऐकवलं. त्यानंतर महिनाभर आम्ही पितळेच्या तपेल्यात पाणी तापवत होतो, आणि बाई रोज त्या बाळंतिणीची आठवण काढत होत्या.

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. आमची चाळ म्हणजे चळवळीचा किल्लाच. मी कचेरीत मान खाली घालून खर्डेघाशी करणारा माणूस, पण संध्याकाळी मोर्चात असा काही ओरडायचो की दुसऱ्या दिवशी साहेबाशी बोलायला आवाज नसे. बाईही आमच्याच बाजूच्या. "मुंबई महाराष्ट्राचीच, त्यात काय विचारायचं!" म्हणायच्या. पण मोर्चात त्या पाण्याची बादली घेऊन उभ्या राहत, आणि आम्हाला पाजून झालं की त्याच बादलीतून समोरच्या पोलिसांना पाजत. मी म्हटलं, "बाई, आता तेच हात आमच्यावर लाठी चालवणार." तर म्हणाल्या, "चालवतील हो. पण सकाळपासून उन्हात उभे आहेत, तहान नसेल का लागली?" अशा माणसाला घेऊन कोणतीही चळवळ कशी चालवावी, हे मला आजही कळलेलं नाही.

मग तो दिवस आला. दुपारी आमच्या नाक्यावर लाठीमार झाला, पोरांनी दगड घेतले, अश्रुधूर सुटला. आमच्याच मजल्यावरचा गिरणीत जाणारा बाबल्या पायावर लाठ्या खाऊन इस्पितळात पडला. मी तेव्हा दादरला सभेला गेलो होतो, आणि संचारबंदी पुकारल्याचं कळल्यावर गल्लीबोळांतून लपतछपत घरी आलो. मागच्या नळापाशी सिस्टरबाई उभ्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून मोरीच्या आडोशाला ओढलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या धडधाकट डोक्याला पट्टी गुंडाळायला सुरुवात केली.

प्रकार असा झाला होता. दगड लागून एक पोलीस शिपाई त्याच नळापाशी कोसळला होता. बाईंनी त्याला मागच्या जिन्याने ओढत वर आणलं, आणि स्वतःच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या खोलीत निजवलं. रक्ताच्या थेंबांचा माग काढत पोरं वर आली तेव्हा बाई माझं दार अडवून उभ्या होत्या. "आत कोण आहे?" पोरांनी विचारलं. "शेजारी आहेत," बाई म्हणाल्या, "डोकं फुटलंय. गोंगाट करू नका." पोरांना वाटलं, भाऊंचं डोकं फुटलं! ती तिथेच माझ्या नावाचा जयजयकार करून गेली.

"खोटं बोललात तुम्ही!" मी खालच्या आवाजात किंचाळलो.

"खोटं कुठे? शेजारीच तो. मुलांनी भलता अर्थ घेतला, त्याला मी काय करू?" बाईंनी पट्टीला गाठ मारली. "तुम्हीही खोटं बोलू नका भाऊ. नुसतं गप्प राहा."

वर जाऊन बघतो तर माझ्या गादीवर, माझाच लेंगा-सदरा घालून, विशीतला एक पोरगा डोळे मिटून पडलेला. त्याचा निळा डगला आमच्या हिने ट्रंकेत कोंबला होता आणि पिवळी टोपी तांदळाच्या डब्यात. मला बघून तो उठायला लागला आणि म्हणाला, "मालक, हाकलू नका. साताऱ्याकडचा हाय मी. आई एकटीच हाय घरी." खरं सांगतो, हाकलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. बाबल्याचा पाय माझ्या डोळ्यांपुढे होता. पण खाली चौकात पोरं काठ्या घेऊन बसली होती. त्यांच्या हाती हा लागला असता तर सकाळ बघता ना. मी गप्प राहिलो, आणि गप्प राहण्याचाही मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी पोरांनी मला गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. जो तो येऊन पट्टीकडे बघायचा आणि हळहळायचा. पट्टीखाली डोकं इतकं खाजत होतं की सांगता सोय नाही, पण हुतात्म्याने खाजवायचं कसं? सिस्टरबाई मात्र शांतपणे औषध घेऊन आत जायच्या आणि बाहेर यायच्या. सगळ्यांना वाटायचं, भाऊंसाठीच आत काही काढा-लेप चाललाय.

दुपारी बाबल्याची आई आली. इस्पितळातून लेकाला बघून ती नुकतीच परतली होती, डोळे सुजलेले. माझ्यासाठी वाडगाभर पेज आणि वर भाजलेला पापड घेऊन आली होती. माझ्या पट्टीवरून तिने हात फिरवला तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि नेमका त्याच वेळी आत तो पोरगा कण्हला, "आई गं!" आमची ही तर माझ्या समोरच बसली होती, दळण निवडत; म्हणजे आत कण्हायला घरात दुसरं कोणी नव्हतं. चार हातांवर पोरं पत्ते खेळत होती. मी मोठ्याने खोकलो. बाबल्याच्या आईने दाराकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि वाडगा माझ्या हातात देत अगदी हळू म्हणाली, "भाऊंनू, गरम आसा तवसर आतल्याक दिया."

मी पटकन पत्ते खेळणाऱ्या पोरांकडे बघितलं.

"बाईन तेका ओढून हाडलो, तेवा मी नळारच होतंय," ती म्हणाली. "बाबल्याक कायएक सांगू नकात."

पदराने डोळे पुसत ती निघून गेली. म्हणजे आदल्या दुपारपासून तिला सगळं ठाऊक होतं. लेकाचा पाय मोडलेला, खाली पोरं शोधत फिरत होती, आणि तिने एक शब्द काढायचा अवकाश होता. मी वाडगा घेऊन आत गेलो. पोराला बसवलं आणि माझ्या हाताने पेज पाजली. पाजताना रडू आलं, ते पट्टीच्या टोकाला पुसलं. बाईंना हे सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही! आपण एवढे हेलावून सांगतोय, आणि ही बाई नुसती मान डोलावते, याचा मला पुन्हा राग आला.

संचारबंदी उठल्यावर तो पोरगा माझ्या कपड्यांत, माझी छत्री घेऊन गेला. पुढे महाराष्ट्र झाला, चाळीवर रोषणाई झाली. सिस्टरबाई नोकरी संपल्यावर नगरकडे निघून गेल्या. जाताना माझ्याशी त्या काहीतरी बोलल्या, पण मी सामानावरून हमालाशी वाद घालत होतो, ते ऐकायचंच राहिलं. त्यांच्या खोलीत आता एक सज्जन बिऱ्हाड आहे. त्यांचं दार सदा बंद असतं, आणि माझा पाट सदा रिकामा.

बाबल्या पाय ओढत चालतो. पाहुणारावळा आला की त्याला मुद्दाम माझ्याकडे घेऊन येतो आणि मोठ्या अभिमानाने सांगतो, "माझा पाय आणि भाऊंचं डोकं, एकाच दिवशी!" त्याची आई जवळच कुळीथ निवडत बसलेली असते. ती वर बघत नाही, मीही बघत नाही. अशा वेळी सिस्टरबाईंवर मनसोक्त ओरडावंसं वाटतं, आणि ओरडायला त्या शेजारी नसतात.