पोकळ ठिपका

ज्योत्स्ना घाबरली की तिच्या हाताला घाम सुटतो आणि ती माऊस ओढणीला पुसते. वाशीमच्या बियाणं कंपनीत तिला दीड वर्ष झालं. एवढ्या काळात तो माऊस फारच स्वच्छ राहिला. रिठदहून रोज बसने येणारी ती कंपनीतली एकमेव प्रोग्रामर. एकमेव असलं की दोष कोणाचा याची चौकशी लांबत नाही.

त्या मंगळवारी सोयाबीनच्या काही पिशव्यांवर उगवण तपासणीची तारीख गेल्या वर्षीची छापून आली. ट्रक अर्धा भरला होता, दुपारी निघायचा होता. बियाणं न तपासताच चाललं असेल तर कित्येक वावरं न उगवता कोरी राहणार होती. तिच्या बापाच्या वावरातही हेच बियाणं पडणार होतं.

तिने तारखेच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे प्रोग्रामने तिथे थांबावं आणि पोटात काय आहे ते दाखवावं. लाल ठिपका उमटला आणि लगेच पोकळ झाला. 'इथे थांबता येणार नाही. चालू प्रोग्राम या कोडचा नाही.' तिने सगळं पुसून प्रोग्राम नव्याने बांधला, म्हणजे बिल्ड केला. पोकळ. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हा उपाय इंजिनिअर लोक चारचौघांत कबूल करत नाहीत. पोकळच.

मग आठवलं. आधीचा प्रोग्रामर प्रज्वल दुरुस्त्या थेट कंपनीच्या सर्व्हरवर, चालू प्रोग्राममध्येच करायचा आणि त्या तिथेच ठेवून पुण्याला निघून गेला होता. तिच्याकडची प्रत जुनी. घाईघाईत तिने सर्व्हरवरचाच कोड उघडला, चालू प्रोग्रामला चूक शोधणारा डीबगर जोडला. ठिपका भरीव झाला, प्रोग्राम थांबला. आणि बाहेर लेबल-मशीनची खटखटही थांबली.

"व पोरी," लेबल लावणाऱ्या बेबीताई दारातून ओरडल्या, "मशीन काहून मुकी झाली?"

मागोमाग गोदाम सांभाळणारे उदयसिंग. "वजनकाटाबी बंद, गेटपासबी बंद! काय करून राह्यली तू?"

लेबलं, काटा, गेटपास, सगळं त्या एकाच प्रोग्रामवर चालत होतं. तिने एक ओळ नाही, अख्खी कंपनी थांबवली होती. पडद्यावर यंदाच्या तपासणीचा रकाना रिकामा होता. आणि रकाना रिकामा असला की प्रज्वलची दुरुस्ती गेल्या वर्षीची तारीख उचलत होती. एक कळ दाबली की सगळं चालू झालं असतं. 'नेट गेलं होतं' हे कारण वाशीमात कोणीही मान्य करतं.

"मीच थांबवलं, भाऊ."

"मंग चालू कर न!"

"नाही करत." स्वतःच्या आवाजाने तीच दचकली. "हे बियाणं यंदा तपासलंच नाही. ट्रकमधलंबी उतरवा लागते."

उदयसिंगांनी वाकून तो रिकामा रकाना पाहिला. "मालकाले मी नाही सांगत, बाई," ते म्हणाले आणि नंबर लावून फोन तिच्यापुढे धरला.

"सर," ती म्हणाली आणि तिने सगळं एका श्वासात सांगून टाकलं, कारण दुसरा श्वास येईल याची तिला खात्री नव्हती. पलीकडून काही उत्तर येण्याआधीच बाहेर बेबीताईंनी, कोणालाही न विचारता, माल उतरवण्यासाठी हमालांना ट्रकचं मागचं फाळकं पाडायला लावलं.