एक्सरेकाकांचा तंबू

एक्सरेकाका कुठलीही वस्तू उजेडात धरल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत. बाजारातलं अंडं, चहाचा ग्लास, भाकरीचा पापुद्रा, सगळं आधी ट्यूबलाइटसमोर जायचं. एक डोळा मिटायचा, मान तिरकी व्हायची आणि मग निकाल लागायचा. रियाधच्या अल मलाझ भागातल्या एका खासगी दवाखान्यात ते एक्स-रे टेक्निशियन होते आणि उभा जन्म त्यांनी लोकांची हाडं अशीच बघण्यात घालवला होता. खरं नाव इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर होतं, पण इथली मराठी माणसं त्यांना एक्सरेकाकाच म्हणायची. ते मूळचे वाशीमकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावी भाऊ-भावजय होते.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. माझं दिव्यांचं दुकान आहे. दापोलीहून आलो तेव्हा याच गल्लीत मी दुसऱ्याच्या दुकानात शिडी धरून उभा राहायचो, त्यामुळे भाव कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. एक दिवस हा बारीक, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ आला आणि झाडांसाठी लागणारा एलईडी दिवा मागू लागला. जांभळा उजेड देणारे तसले दिवे माझ्या गोदामात पडून होते. कुणी घेत नव्हतं, म्हणून मी भाव चढाच सांगितला. त्यांनी हिंदीत घासाघीस केली, दिवा पेटवून, तिरका धरून पाहिला आणि स्वतःशीच पुटपुटले, "याच्यातले दोन तर मेलेले हायेत ना बापा. लुटते का हा गडी?"

मी म्हणालो, "लुटतोय तर मराठीत लुटतो. बसा, चहा घ्या."

ते दचकले, मग खुदकन हसले. दिवा त्यांनी माझ्या खरेदीपेक्षा कमी भावात नेला. जाताना म्हणाले, "शेठ, शुक्रवारी जेवायले या. जेवला म्हणजे ओळख झाली. नुसतं बोलून कोण ओळखीचं होते?"

हा दिवा कशाला, ते शुक्रवारी कळलं. झोपण्याच्या खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मध्ये, त्यांनी ऑनलाइन मागवलेला एक तंबू उभा केला होता. कपाटाएवढाच. बाहेरून काळा, आतून चंदेरी, पुढे चेन. आत माझा दिवा, हवा बाहेर टाकणारा छोटा पंखा आणि कुंड्यांमध्ये दाट वाढलेली अंबाडी. बहिणीने चटणीसाठी दिलेल्या बियांतली मूठभर त्यांनी राखून ठेवली होती. आमच्या दापोलीकडे ही भाजी फारशी कुणाच्या ताटात नसते. मी पहिल्यांदाच झाड पाहत होतो. उंच सरळ काडी आणि हाताच्या बोटांसारखी फाकलेली, कातरलेल्या कडांची पानं. मी तेव्हाच म्हणालो, "काका, हे पान भलत्याच झाडासारखं दिसतंय."

"दिसू द्या. दिसण्यानं काय होते? चावून पाहा."

मी चावलं. दात आंबले.

त्या तंबूत त्यांचा फार जीव होता. अंबाडीला दिवस लहान झाल्याचं कळलं की ती फुलावर जाते आणि पानं निबर होतात, म्हणून त्यांनी दिव्याला टायमर लावून दिवस लांबच ठेवला होता. "बाहेर काही ऋतू असो, इथं माझा आषाढ चालू हाय," असं ते म्हणायचे. दवाखान्यातून आले की आधी तंबूची चेन उघडायची, तोंड आत घालायचं, आणि मग चपला काढायच्या. मी एकदा विचारलं, आत तोंड घालून काय करता? तर म्हणाले, "वास घेतो. ओल्या मातीचा वास या शहरात कुठं मिळते, सांगा बरं." खिडक्यांना उन्हासाठी चांदीचा कागद चिकटवलेला, बाहेर वाळूचा रंग असलेल्या इमारती, आणि हा माणूस जांभळ्या उजेडात डोकं खुपसून उभा. हसू यायचं आणि पाहवतही नसे.

पण अंबाडी ही सबब होती. खरा होता तो शुक्रवार. जुम्याची नमाज आटपून मी जायचो तोवर पाच-सहाजण आलेले असायचे. कुणी बँकेतला, कुणी बांधकाम कंपनीतला. बहुतेकांची कुटुंबं भारतात. इथल्या सरकारने कुटुंबातल्या दर माणसामागे फी लावल्यावर मीही बायको-मुलांना दापोलीला पाठवलं होतं. काका पंचा गुंडाळून भाकऱ्या थापत असायचे. अंबाडी शिजवून, पाणी काढून, तांदळाच्या कण्या आणि तूरडाळ घालून घोटलेली. वरून लसणाची फोडणी, आणि वर आणखी कच्च्या तेलाची धार. "हात आखडू नका बे, तेल पोटात गेल्यावर कोणाले दिसते?" ते स्वतः शेवटी बसायचे. मधल्या काळात ताटांकडे बघत उभे राहायचे. आठवडाभर त्या घरात कुणाचा आवाज नसायचा. टीव्हीसुद्धा ते लावत नसत. मला एकदा म्हणाले होते, "शेठ, सहा दिवस मी तोंड धुवायले आणि पेशंटला 'श्वास रोका' म्हणायलेच उघडतो. शुक्रवार बंद झाला तर मी मुका होईन."

आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. सहकुटुंब राहणारे, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांना अंबाडी अतिशय प्रिय. "काका, आमच्या आईच्या हातची चव हो!" असं म्हणून ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढून घ्यायचे आणि बायकोसाठी डबाही न्यायचे. एवढं खाऊन त्या माणसाने झाड कधी पाहिलं नव्हतं. त्यांची अंबाडी कायम पातेल्यातच जन्मली. तंबू बघायला काका बोलवायचे तर हे जेवून जड झालेले, "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचे.

मग एकदा एसी बिघडला. काका कामावर होते, म्हणून इमारतीच्या राखणदाराने मेकॅनिकला किल्लीने दार उघडून दिलं. तंबूच्या चेनमधून जांभळा उजेड येतोय म्हणून त्यांनी चेन ओढली. मेकॅनिकने फोटो काढला. राखणदार घाबरला आणि तो फोटो घेऊन आधी वरच्या मजल्यावर गेला, कारण तिथे काकांच्या मुलखातला माणूस राहतो, त्याला विचारून घेऊ, असा त्याचा भला विचार.

ॲडमिनसाहेबांनी एक जिना उतरायचा होता. काका तासाभरात येणारच होते. निदान फोन करायचा होता. त्यांनी फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हा गांजा आहे. सर्वांनी फोटो पाहून डिलीट करावा. या घराशी कुणीही संबंध ठेवू नये.' पाठोपाठ काकांना ग्रुपमधून काढलं.

या देशात त्या एका शब्दाने माणसाचं काय होतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी दुकान उघडं टाकून धावलो. इमारतीचा मालक अबू सालेह माझ्याही दुकानाचा मालक, म्हणून राखणदाराने कळवल्यावर त्याने पोलिसांआधी मला फोन केला होता. मी पोचलो तेव्हा तो दारात उभा होता आणि काका पलंगाच्या कडेला, दवाखान्याचा कोट अंगातच, ओठ पांढरे पडलेले.

"हशीश?" अबू सालेहने मला विचारलं.

मी मोडक्या अरबीत जे ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. भाजी आहे, मी दर शुक्रवारी खातो, खाऊन नमाज पढून आलेला माणूस मी, मला नशेबाज म्हणतोस का, असं बरंच काही. नमाज आधी असते, जेवण नंतर, पण त्या वेळी क्रम कोण बघतो!

काका उठले, एक पान खुडलं, सवयीने ट्यूबलाइटसमोर धरलं आणि तोंडात टाकलं. मग मी एक खाल्लं. मग आणखी एक. अबू सालेहने पान हुंगलं, कड दातांनी कुरतडली आणि तोंड वाकडं केलं. "आंबट! हे तर करकदेसारखं!"

"त्याचीच चुलत बहीण," मी म्हणालो. करकदे म्हणजे इथे सगळीकडे मिळणारं लाल आंबट फुलांचं सरबत. खालच्या किराणा दुकानातून मी त्या वाळक्या फुलांचा पुडा आणून शेजारी ठेवला. अबू सालेहने दोन्ही चाखलं, मेकॅनिकला बोलावून त्याच्या फोनमधला फोटो पुसायला लावला आणि काकांना म्हणाला, "अम्मी," म्हणजे अरबीत काका, "लपवून ठेवलं की लोक वाईटच समजतात. तंबू काढ. कुंड्या हॉलमध्ये खिडकीत ठेव. ज्याला बघायचंय तो बघेल. खलास."

एका अरबाला पटायला पानाची एक कड पुरली. आमच्या लोकांची गोष्ट आता सांगतो.

काकांनी तंबू काढला. खिडकीचा कागद सोलून कुंड्या तिथे मांडल्या. तोवर हिवाळा लागला, दिवस लहान झाले. अंबाडी तिच्या स्वभावाप्रमाणे फुलावर गेली. मोठी, फिकी पिवळी फुलं, मधोमध गडद वांगी रंगाचा डोळा. गांजाला असलं फूल येत नाही हे लहान पोरालाही कळेल. मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. लिहिलं, 'बघा तुमचा गांजा. आता माफी कोण मागतंय?'

एकाने अंगठा पाठवला. एकाने जोडलेले हात. मग कुणीतरी क्रिकेटचा स्कोअर टाकला.

मी ॲडमिनकडे वर गेलो. दारातच उभं ठेवलं मला. "शेठ, पटलंय हो आम्हाला. कोण नाही म्हणतंय? पण उगाच कशाला? फॅमिली आहे, इकामा आहे. थोडे दिवस जाऊ द्या."

"किती दिवस? सांगा. मी भाव करणारा माणूस आहे. एक शुक्रवार या, खाली उतरा, दोन घास खा. नाहीतर काकांना वर बोलवा."

"बघू ना. इन्शाल्ला."

आपल्या लोकांनी अरबीतला एवढा पवित्र शब्द 'नाही' म्हणायला वापरावा, याचा मला अजून राग आहे.

काकांनी तरीही सगळ्यांना स्वतः फोन केले. एकेकाला. सगळे गोड बोलले. "येतो की!" त्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा भाकऱ्यांची चळत फडक्याखाली होती, सगळी ताटं मांडलेली होती आणि काका नेहमीसारखे उभे होते. आम्ही वाट पाहिली. जिन्यावर पाऊल वाजलं की ते फोडणीची कढई गॅसवर ठेवायचे, पाऊल वर निघून गेलं की उतरवायचे. शेवटी लसूण जळून काळा झाला.

"बसा काका," मी म्हणालो.

ते माझ्याबरोबर बसले. पहिल्यांदाच. पानं निबर झाली होती, भाजीत दोरे लागत होते. मी म्हणालो, झक मारू दे त्यांना, मी दिवा परत लावतो, हॉलमध्ये लावतो, खुशाल लांब दिवस करा, मी रोज येतो जेवायला. ते घास चिवडत राहिले. मग म्हणाले, "शेठ, तुमचं खरं हाय. पण आता पान तोंडात घातलं की कान दाराकडे लागते. असं जेवण अंगी लागत नाई."

दवाखाना इकामा वाढवून द्यायला तयार होता. त्यांनीच नको म्हटलं. मी भांडलो. म्हणालो, आता गेलात तर लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच गेला. तुम्ही त्यांना फुकटात जिंकू देताय. असा सौदा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. ते म्हणाले, "सौदा कुठं हाय यात? मले घरी जायचं हाय." पण त्यांना घरी जायचं नव्हतं. मला माहीत होतं आणि त्यांनाही. हेच माझं त्यांच्यावरचं गाऱ्हाणं. मी त्यांच्यासाठी इतका लढलो आणि त्यांनी माझ्या वतीनेही हार मानली.

विमानतळावर मीच सोडलं. गाडीतून उतरताना माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "रागावत जाऊ नका एवढं. बीपी वाढते."

आता ते वाशीमजवळ भावाकडे असतात. सुरुवातीला मी फोनवर विचारलं, "मग आता मजा आहे. बांधाबांधावर अंबाडी!"

"हाय ना. ढोरं खातात इतकी हाय."

"आणि तुम्ही?"

"मी नाई खात. भावजय करते कधीमधी. तिनं विचारलं, काऊन खात नाई भाऊजी? म्हटलं, ॲसिडिटी हाय."

तिथे कुणालाच काही माहीत नाही. त्यांनी सांगितलेलंच नाही. मी फोनवर इतका भडकलो की दुकानातलं गिऱ्हाईक निघून गेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं? पाणी प्या आता."

जुम्याची नमाज झाली की मी अजून त्यांना फोन लावतो. ते लगेच उचलतात. आवाजावरून वाटतं, फोन हातातच धरून बसलेले असणार. पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोणाकडे जेवला, शेठ?"

मी दुकानात एकट्याचा डबा उघडता उघडता दरवेळी कुणाचं तरी नाव सांगतो.