आठ ऑगस्टची बैठक

गुणवत्ता तपासायला बाहेरची समिती येणार म्हटल्यावर पलूसकडच्या त्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना एकाएकी गुणवत्तेची उचकी लागली. सात निकष, सात समित्या, आणि प्रत्येक समितीत फिरून फिरून तेच अकरा जण! सगळ्यांचे समन्वयक दिग्विजय सर. त्यांनी समन्वय काय केला म्हणाल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला आणि रोज सकाळी त्यावर गुलाबाचं फूल टाकलं.

राबायला होती अंजना. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवेल तेवढाच पगार. "मॅडम, ग्रेड येऊ द्या, तुमची पर्मनंटची ऑर्डर झालीच समजा," असं सर म्हणाले होते. बोलाचीच कढी, हे तिला कळत होतं. पण घरी म्हातारी सासू, दोन लेकरं. आस कुठं सुटते?

पाच वर्षांत एकही बैठक झालेली नव्हती. त्या साऱ्या बैठकांचं इतिवृत्त अंजनानं पंधरा दिवसांत लिहायचं होतं. पानांवर दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारची तारीख छापलेली, आणि खाली कोऱ्या कागदावरच अकरा सह्या ठोकलेल्या. लिहिता लिहिता २०१९ चा ऑगस्ट आला. आठ तारीख. तिचा हात थांबला.

त्या दिवशी कृष्णेचं पाणी तिच्या गावात माळवदाला टेकलं होतं. सासू बयाबाई, लेकरं आणि एक शेळी घेऊन ती याच कॉलेजच्या हॉलमध्ये येऊन पडली होती. शिपाई नानासोनं कुलूप तोडून हॉल उघडला होता. या अकरांतलं एक काळं कुत्रं तिकडं फिरकलं नव्हतं.

"सर, तवा महापूर होता. एवढं पान तरी काढा."

"अहो, परत सह्या कोण गोळा करणार? आणि पानं वाचतंय कोण?"

तिनं लिहिलं. बाहेरून तपासायला आलेल्या समितीतल्या एक बाई मूळच्या सांगलीच्या निघाल्या, आणि त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. "पुरात बैठक? तीही पूर्ण हजेरीनं?"

दिग्विजय सरांनी लागलीच अंजनाकडं बोट केलं. "तासिकेवरच्या मॅडम आहेत. त्यांनी तारीख चुकीची टाकली."

अंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तारीख बरोबर हाय, बाई. मी हॉलात होते, माझी सासू होती, लेकरं होती, आमची शेळी होती. ह्यातलं कुणीबी न्हवतं!"

ग्रेड घसरली, पण सरांचं काय वाकडं झालं? काही नाही. जूनमध्ये वेळापत्रकातून नाव गेलं ते अंजनाचं. आणि जुलैत सरांचाच फोन, निर्लज्ज माणूस! "मॅडम, यंदाचं इतिवृत्त तेवढं लिहून द्या की. सह्या झाल्यात."

"शेळीला इचारा, सर. आठ तारखेला ती तरी हजर होती."

तिनं फोन आपटला. मग मात्र तिला रडू आवरेना. नऊ वर्षं गेली होती.