एकसष्ट किलो दोनशे ग्राम

माणसांना ठोसे मारून ज्याने आपलं पोट भरलं आणि तरीही वीस वर्षं जो पोटभर जेवला नाही, असा माणूस बदलापूरपासून विठ्ठलवाडीपर्यंत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. व्यवसायाने तो बॉक्सर. शाळा-कॉलेजातला हौशी नव्हे, तर पैसे घेऊन रिंगमध्ये उतरणारा, लाइटवेट गटातला, धंदेवाईक बॉक्सर. हे मी कुणाला सांगितलं की तो आधी हसतो, मग मी हसत नाही हे बघून गंभीर होतो आणि विचारतो, "ते ठीक, पण नोकरी कुठे?" माझ्या सासऱ्यांनीही हा प्रश्न शेवटपर्यंत सोडला नाही. आम्ही सगळी आगरी माणसं. कुणी भातशेती करतो, कुणी जमिनीचे व्यवहार करतो, कुणी माझ्यासारखा अंबरनाथच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर होतो. ठोसे आमच्यातही पडतात, पण ते बांधावरून किंवा पालखीच्या मानावरून, आणि तेही फुकट. या कामाचे कुणी पैसे देतं, ही बातमी आमच्या घराण्यात त्याने आणली.

त्याचा सराव उल्हासनगरला, एका जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर चाले. खाली शिलाई मशीन, वर वाळूच्या पिशव्या. निळ्या कापडाचा भुगा जिन्यातून वर येई, आणि मेव्हणा सरावाहून आला की त्याचे कान निळे दिसत. त्याचे उस्ताद म्हणजे एक सिंधी म्हातारे गृहस्थ. दिवसा ते चेन आणि बटणांचं दुकान चालवत आणि सकाळ-संध्याकाळ पोरांना गार्ड वर ठेवायला शिकवत. "बेटा, हाथ ऊपर, नहीं तो नाक नीचे," हे त्यांचं एकुलतं एक तत्त्वज्ञान. त्यावर मेव्हण्याने बावीस लढती काढल्या. हिशेब विचारला की तो सांगतो, "चौदा मी जिंकलो, आठ पंच हरले." आत्मविश्वास ही या माणसाला कुणी दिलेली गोष्ट नाही, तो पोटातून घेऊनच आला असावा. बँकॉकला पाचव्या फेरीत आडवा होऊन आला, तेव्हा मी सांत्वनाला गेलो, तर तोच माझी समजूत घालू लागला. म्हणाला, "भावोजी, तो माणूस घाबरून मारत होता. घाबरलेला माणूस जोरात मारतो." त्या अख्ख्या परदेश प्रवासाची त्याची तक्रार एवढीच होती की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मासळी तळत होते आणि याला दिवसाला अर्धा पेला पाणी.

कारण सगळा खेळ वजनाचा. लाइटवेट म्हणजे जास्तीत जास्त एकसष्ट किलो दोनशे ग्राम. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं, आणि काटा एका ग्रामने पुढे गेला तरी गेला. त्यामुळे या माणसाचा जगातल्या कुठल्याही एका काट्यावर विश्वास नाही, म्हणून तो सगळ्यांवर चढतो. रेशनच्या दुकानात, भंगारवाल्याकडे, भाताच्या गिरणीत. एकदा बाजारात मासळीवालीच्या काट्यापाशी तो घुटमळला, तर ती म्हणाली, "तुना मोजून काय करू? वाट्याला हाडंच येतील." तो रागावला नाही. तिच्या काट्यात वीस ग्रामचा फरक आहे, एवढं तिला सांगून पुढे गेला.

लढत जवळ आली की तो खात नसे, पण खाण्यापासून दूरही जात नसे. मला अंबरनाथ स्टेशनबाहेर न्यायचा, स्वतःच्या पैशाने वडापाव घेऊन द्यायचा आणि समोर उभा राहून विचारायचा, "चटणीत लसूण पुढे आहे की मिरची?" मी नुसतं "छान आहे" म्हटलं की चिडायचा. "नीट सांगा ना भावोजी, मना कसं कळणार?" त्याला वडा समजावून सांगता सांगता माझी साखर वाढली, त्याचं वजन मात्र तोळाभर वाढलं नाही. बहिणीचा जीव तुटे. "कवरा वाललास रं," म्हणून ती डोळ्याला पदर लावी, आणि हा तिला छातीच्या फासळ्या मोजून दाखवी, जणू त्या त्याने कमावलेल्या होत्या.

रस्त्यावर मात्र त्याने कधी हात उचलला नाही. विठ्ठलवाडीला एका रिक्षावाल्याने त्याची कॉलर धरली, तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "दादा, मी पैसे घेतल्याशिवाय मारत नाय. युनियनचा प्रश्न आहे." कसली युनियन ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण रिक्षावाला कॉलर सोडून निघून गेला.

आणि केस. मेव्हण्याचे केस म्हणजे मानेवर रुळणारे, दाट, कुरळे, माझ्या सासूच्या वळणाचे. खाली तशाच तोलाची मिशी. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट मिळतं. त्यात इतर बॉक्सर पाणी पितात, याला उस्तादांनी आधी कंगवा द्यावा लागे. "ये फाइट है या शादी?" म्हणून म्हातारा कपाळावर हात मारी. ओठ फुटला तर चाले, भांग बिघडलेला चालत नसे.

सदतिसाव्या वर्षी त्याला पट्ट्याची, म्हणजे अजिंक्यपदाची, लढत मिळाली. आधीच्या विजेत्याने खेळ सोडल्यामुळे पट्टा रिकामा होता, आणि त्यासाठी दोघांना बोलावलं होतं. त्यातला एक आमचा. या वयात पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे त्यालाही कळत होतं. उभ्या आयुष्यात त्याला कशाची लालूच होती तर त्या पट्ट्याची. वडील होते तोवर त्यांना दाखवायचा होता, ते गेल्यावर गावाला. लढत रविवारी. वजन शनिवारी सकाळी अकराला, ठाण्याच्या एका हॉटेलात. आणि त्याच शनिवारी संध्याकाळी बदलापूरला माझ्या मुलीचं लग्न. तारीख आमची आधी ठरली होती, आणि मुलीचा हा एकुलता एक मामा. "काय टेन्शन घेताय?" तो म्हणाला. "सकाळी काट्यावर, संध्याकाळी मांडवात, दुसऱ्या दिवशी पट्टा. तीन कामं, तीन टाइम."

त्याच्या हिशेबातून राहिलं ते चौथं काम, शुक्रवारची हळद. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मटणाची पातेली, तांदळाच्या भाकऱ्या, आणि मांडवात धवलारीण. ही आमच्यात लग्न लावणारी बाई, गाण्यातच विधी करते आणि गाण्यातच माणसांची उणीदुणी काढते. आमच्या घरची एक रीतही आहे. हळदीला नवरी मामाच्या ताटात जेवते, माहेरचं शेवटचं जेवण म्हणून. मेव्हण्याने सहा दिवस उकडलेल्या भाजीवर काढले होते आणि आदल्या रात्रीपासून पाणीही तोडलं होतं. तो ताटावर बसला, भाचीला घास दिला आणि स्वतः नुसता बोटं फिरवत राहिला. धवलारणीच्या नजरेतून ते सुटणार होतं थोडंच? तिने लगेच ओळ जुळवली, की मामाचा हात ताटात, मामाचं मन कुठल्या हाटात. बायका हसल्या. माझी मुलगी हसली नाही. तिने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "मामा, तू नाय जेवलास तर मी पण नाय जेवणार." एवढं म्हणून रडायलाच लागली.

मग तो जेवला. मटणात बुडवून दोन भाकऱ्या, वर भात, वर तांब्याभर पाणी. तिला हसवण्यासाठी एकेका घासाची चव तो डोळे मिटून सांगत होता, मी त्याला वड्याची सांगायचो तशी. त्याला इतकं सुखी मी कधी पाहिलं नव्हतं.

पहाटे चारला तो रेनकोट घालून धावायला निघाला. मे महिन्यात, बदलापूरहून अंबरनाथकडे. घामाने वजन उतरतं, हा त्यांच्यातला जुना उपाय. लोकांना वाटलं, हळदीची उतरली नाही. अकराला तो काट्यावर उभा राहिला, तेव्हा साडेतीनशे ग्राम जास्त भरले. नवरीचा बाप असून मी त्याच्याबरोबर गेलो होतो, कारण संध्याकाळी त्याला वेळेवर मांडवात आणायची जबाबदारी बायकोने माझ्यावर टाकली होती. नियमाने आणखी दोन तास मिळाले. उन्हात काचा बंद केलेल्या गाडीत तो रेनकोट घालून बसला, दोरीवर उड्या मारल्या, रिकाम्या पेल्यात थुंकत राहिला. दहा मिनिटं उरली तेव्हा ऐंशी ग्राम बाकी होते आणि अंगात घामाचा थेंब उरला नव्हता.

उस्तादांनी पिशवीतून केस कापायचं मशीन काढलं. "बाल और मूँछ, बस. निकल जाएगा," ते म्हणाले.

मेव्हणा मशीनकडे बघत राहिला. केसांच्या प्रेमाचा प्रश्न नव्हता. पट्ट्यासाठी त्याने ते मुळापासून दिले असते. पण आमच्यात डोकं आणि मिशी उतरवलेला माणूस दिसला की लोक एकच विचारतात, घरात कोण गेलं? आणि चार तासांनी याला भाचीचा हात धरून मांडवात जायचं होतं. त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उस्तादांना म्हणाला, "रहने दो उस्ताद. भांजी की शादी है."

संध्याकाळी केस विंचरून, मिशीला पीळ देऊन त्याने माझ्या मुलीला मांडवात आणलं. सगळ्या फोटोंत नवऱ्यापेक्षा तोच राजबिंडा दिसतो. रविवारी लढत झाली. ऐंशी ग्रामसाठी त्याचं निम्मं मानधन कापलं, आणि जिंकला तरी पट्टा मिळणार नाही असं लिहून घेतलं. तो जिंकला. सातव्या फेरीत समोरचा उठला नाही. टेबलावरचा पट्टा एका माणसाने कापडात गुंडाळला आणि पेटीत ठेवून दिला. घरी त्याने सांगितलं की याही वेळी पंच हरले, आणि आमच्या घराने ते नेहमीप्रमाणे हसून मान्य केलं. माझ्या मुलीला खरं अजून माहीत नाही.

पुन्हा कुणी बोलावलं नाही. आता उस्तादांच्या जागी तो शिकवतो, खुशीत असतो, आणि आपल्यासारखा लाइटवेट या पट्ट्यात झाला नाही असं अजूनही बजावून सांगतो. ते खरंच आहे.

मागच्या महिन्यात त्याच्या स्कूटरवरून घरी येत होतो. बदलापूरच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. त्याची पाठ माझ्याकडे होती म्हणूनच मला बोलता आलं. म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. काढ केस, एवढंच. तेव्हा माझ्या डोक्यात, मांडवात लोक काय म्हणतील, हेच होतं."

पुढचा ट्रक हलला, तशी त्याने स्कूटर हातभर पुढे घेतली. मग म्हणाला, "तुम्ही बोलला असता तर मी काढले असते भावोजी. म्हणून तर तुमच्याकडं एकदाच बघितलं."